बीएमआय नॉर्मल, पण सासूबाईंच्या पाटल्या कोपरापर्यंत सरकतात

सुदामानगरची सून (इंदूर)

नमस्कार. घरात सध्या दोन टोकांची माणसं आहेत, १४ महिन्यांची नात आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. नात ७.८ किलोची. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा साडेदहा किलोचा आहे, म्हणून येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारते, "हिला खायला घालता की नाही?" सगळं घर वाटी-चमचा घेऊन तिच्या मागे.

सासूबाईंकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. दिवाळीत त्या ५८ किलो होत्या, संक्रांतीला ५५, परवा रामनवमीला ५१. उंची १५० सें.मी. डॉक्टरांनी हिशोब करून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.७ सांगितला. "नॉर्मल आहे, या वयात हलकंच बरं," म्हणाले. पण त्यांना रोज न्हाऊ मी घालते. दंडाची कातडी नुसती हातात येते. पाटल्या साबण लावून काढाव्या लागायच्या, त्या आता कोपरापर्यंत सरकतात. गेल्या आठवड्यात जिना चढताना दोनदा मध्येच बसल्या. मला तो 'नॉर्मल' पटत नाही. घरी काय मोजून पाहू?

निवृत्त सिस्टर (बडोदा)

ताई, तुमच्या हाताला कळलंय ते खरं आहे. मी आधी मुलांच्या वॉर्डात आणि नंतर मेडिसिनला मिळून ३४ वर्षं काढली. घरोघरी हेच पाहिलं: बाळाचा घास मोजला जातो, म्हातारीचं ताट कुणी बघत नाही.

बीएमआय आजचा आकडा सांगतो. वजन कुठून कुठे आलं, ते त्यात दिसत नाही. ५८ वरून ५१ म्हणजे १२ टक्के वजन सहा महिन्यांच्या आत गेलं. मुद्दाम प्रयत्न न करता सहा महिन्यांत दहा टक्क्यांच्या वर वजन उतरलं, तर कोणत्याही वयात ती गंभीर गोष्ट धरतात. शिवाय म्हातारपणी पाठ वाकते, उंची कमी भरते आणि बीएमआय आहे त्याहून बरा दिसतो. माणूस उभंच राहू शकत नसेल तर टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर मोजून त्यावरून उंचीचा अंदाज काढतात.

आज एवढं करा. त्यांना खुर्चीत बसवा, पाय जमिनीवर, गुडघा काटकोनात. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. ३१ सें.मी.च्या खाली आला तर स्नायू झिजलेत असं समजा. मग घोट्याच्या वर अंगठ्याने थोडा वेळ दाबून बघा, खड्डा राहतो का. सूज असेल तर पोटरीचा आकडा फसवा, आणि खरं वजन ५१ पेक्षाही कमी.

वृद्धांसाठी सहा प्रश्नांची एक छोटी तपासणी असते: जेवण कमी झालं का, तीन महिन्यांत वजन किती गेलं, हिंडणं-फिरणं कसं आहे, मोठं आजारपण किंवा मनाला धक्का, विसराळूपणा किंवा उदासी, आणि बीएमआय. एकूण गुण १४. बारा आणि वर ठीक, ८ ते ११ धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण.

नातीचं म्हणाल, तर तिला मुलाशी ताडून बघूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात १४ महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ९.४ आणि खालची मर्यादा ७.४ आहे. तो तक्ता सहा देशांतल्या बाळांवरून केलाय, त्यात दिल्लीचीही होती, तेव्हा 'परदेशी माप' म्हणायचं कारण नाही. एका वजनापेक्षा तिच्या कार्डावरची रेघ बघा. ती आडवी पडली किंवा खाली वळली तर दाखवा. लांबी निजवूनच मोजायची, दोन वर्षांपर्यंत. अंगणवाडीत दंडाला लावायची रंगीत पट्टी असते: ११.५ सें.मी.च्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा.

लष्करवाला काका (ग्वाल्हेर)

आमच्याकडे उलटं झालं. पुतणी १४ वर्षांची, अंगाने चांगली भरलेली, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. शाळेत धाप लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४. या वयाच्या मुलीला १२ तरी हवं. पाळी सुरू झालेली, आणि डब्यात रोज शेव-परमल (शेव-मुरमुरे). वाढत्या मुलांचा बीएमआयही मोठ्यांच्या तक्त्यात बघायचा नसतो, वयाप्रमाणे बघतात.

सिस्टर, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासलं तर सासूबाईंचं कळेल ना?

निवृत्त सिस्टर (बडोदा)

नाही हो. अंगात संसर्ग किंवा आत कुठे दाह असला की अल्ब्युमिन खाली येतं, मग जेवण कितीही चांगलं असो. आणि नुसतं उपाशी राहून झिजलेल्या माणसात ते बरेच दिवस ठीकही दिसतं. त्यावर विसंबू नका. रक्त तपासायचंच आहे, पण कारण शोधायला: साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. ताई, त्यांची कवळी नीट बसते का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? आणि आठवड्यात उपास किती?

सुदामानगरची सून (इंदूर)

सगळं मोजलं. पोटरी २९.५, सूज नाही. सहा प्रश्नांचे गुण ८ आले. नातीचा दंड १३.४, हिरवा.

कवळीचं मात्र तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. हिरड्या आकसल्यात, ती टोचते, म्हणून त्या चार महिने पोळी टाकून नुसता मऊ भात आणि ताक घेत होत्या. मी वाढत होते आणि मला दिसलं नाही, याचं फार वाईट वाटतंय. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून आठवड्याला दोन-दोन उपास, त्या दिवशी साबुदाणा. साखरेची गोळी ऑगस्टमध्ये वाढवली होती. तिने भूक मरते का?

निवृत्त सिस्टर (बडोदा)

काही गोळ्यांनी मरते. स्वतः बंद करू नका, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ५८, ५५, ५१ हे तारखांसकट कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. कारण नुसती कवळीच असेल असं धरून चालू नका, पूर्ण तपासणी मागा. तोवर मऊ भातात मुगाचं घट्ट वरण, दुपारी पनीर कुस्करून, रात्री दूध. किलोमागे एक ग्रॅम तरी प्रथिनं जायला हवीत, म्हणजे त्यांना दिवसाला पन्नासेक. साबुदाण्यात ती जवळजवळ नाहीतच. उपास मोडायला लावू नका, त्या दुखावतील. दही, दूध, दाण्याची आमटी उपासाला चालतेच.

दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर वजन. इथे कळवा.

सुदामानगरची सून (इंदूर)

मंगळवारी दातांच्या डॉक्टरांकडे, गुरुवारी फिजिशियनकडे वेळ मिळाली. काल रात्री घट्ट वरण केलं, वाटी संपवली त्यांनी. रविवारी लिहिते.