मदत हवी आहे: बबल्स स्क्रीनसेव्हरचे पर्याय कुठे बदलायचे?

भरउन्हात: बबल्स स्क्रीनसेव्हर लावलाय, पण बुडबुड्यांच्या मागे स्क्रीनवरचं सगळं दिसत राहतं. मागे काळं हवंय, आणि बुडबुडे काचेचे नकोत, भरीव हवेत. सेटिंग्जचं बटण दाबलं की या स्क्रीनसेव्हरला पर्यायच नाहीत म्हणतो. कृपया लवकर सांगा, आजच करायचंय.

टिचकीबहाद्दर: विंडोज कुठलं? घरचा संगणक की ऑफिसचा?

जुना_खेळाडू: बबल्स सोडा, थ्रीडी पाइप्स लावा! विंडोज एक्सपीपर्यंत मिळायचा, त्यानंतरच्या व्हिस्टात काढून टाकला. पाइप एक की अनेक, सांधे कोपराचे, गोळ्याचे की मिश्र, पाइप साधे की चित्राचे, वेग किती, सगळं आपल्या हातात. एक्सपीच्या आधीच्या विंडोजमध्ये मिश्र सांधे ठेवले तर क्वचित एखाद्या सांध्यावर चक्क चहाची किटली उगवायची. मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये युटा विद्यापीठात केलेलं, ग्राफिक्सवाल्यांचं लाडकं मॉडेल आहे ते. जुनी एससीआर (स्क्रीनसेव्हरची) फाइल विंडोज १० वरही माझ्याकडे मस्त चालते.

सावधान_२२: अशी फाइल नेटवरून उतरवायला सांगू नका हो. एससीआर म्हणजे एक्सईसारखाच चालणारा प्रोग्राम, उघडला की काहीही करू शकतो.

जुना_खेळाडू: मी माझ्या एक्सपीच्या सीडीतून घेतली आहे, नेटवरून नाही.

सावधान_२२: तुमच्याकडे सीडी आहे. वाचणारा गूगल करणार.

मितभाषी: सेटिंग्जच्या त्याच खिडकीत 'ऑन रिझ्यूम'वर टिक करा, परत येताना पासवर्ड विचारेल.

पुणे३०: मुळात स्क्रीनसेव्हर हवाच कशाला? सीआरटीच्या, म्हणजे जुन्या बोजड मॉनिटरच्या, पडद्यावर एकच चित्र राहून डाग पडायचा, म्हणून ते आले. आता मॉनिटर बंद होऊ द्या, वीज वाचेल.

टिचकीबहाद्दर: ओएलईडी पडद्यांवर आजही डाग पडतो. पण धागा तो नाही. भरउन्हात, विंडोज कुठलं ते सांगा ना!

भरउन्हात: विंडोज ११. औषधांच्या दुकानातला काउंटरवरचा संगणक आहे. बुडबुड्यांच्या मागे आधीच्या गिऱ्हाइकाचं बिल आणि औषधांची नावं दिसतात, ते बरोबर नाही. पासवर्ड नको, आम्ही तिघं आळीपाळीने बसतो. पाइप्स पण नकोत.

टिचकीबहाद्दर: हे पहिल्यांदाच लिहायचं! रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, करता येतं. त्यासाठी रेजएडिट हा प्रोग्राम उघडा, करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, स्क्रीनसेव्हर्स, बबल्स असं आत जा. आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून ठेवा. मग ३२ बिटच्या दोन नव्या डीवर्ड (संख्येच्या) नोंदी करा, नावं इंग्रजीत आणि मधे जागा न सोडता: 'शोबबल्स' (ShowBubbles) ० ठेवलं की मागे काळं, 'मटेरियलग्लास' (MaterialGlass) ० ठेवलं की भरीव बुडबुडे.

भरउन्हात: झालं! मागे काळं आलं, बुडबुडेही भरीव. आकार लहान करायला तिथेच 'रेडियस' (Radius) नोंदीत ५० दिलं तर चालेल?

टिचकीबहाद्दर: ५० देऊ नका. तिथे दशांश संख्येचे बिट डीवर्डमध्ये भरलेले असतात, त्यामुळे ५० म्हणजे जवळजवळ शून्य. डेसिमल निवडून १०९००००००० पासून ११३००००००० पर्यंतचं काहीतरी द्या. लहान बुडबुड्यांना खालच्या टोकाजवळचा आकडा.

सावधान_२२: तरी दुकानात सगळ्यात आधी बिलाची खिडकी मिनिमाइज करायची सवय लावा. स्क्रीनसेव्हर लागायच्या आधीची मिनिटं उघडीच असतात.

जुना_खेळाडू: किटली कोणाकोणाला दिसली आहे?