मदत हवी आहे: दाढेतल्या पुवाचं अ‍ॅनेरोबिक कल्चर इंदूरमध्ये कुठे होतं?

नमस्कार मंडळी, आम्ही रामबागेत राहतो. आईच्या खालच्या दाढेला गळू झालंय. तिला पेनिसिलिनने अंगभर पित्त उठतं, त्यामुळे त्याच गटातलं अमॉक्सिसिलिन बाद. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोलचा कोर्स झाला, चार दिवस बरं वाटलं, आणि गाल पुन्हा सुजला. हिरडी दाबली की पिवळा, घाण वासाचा पू येतो.

बोळ्यावर घेतलेला नमुना एका लॅबमध्ये कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला दिला, तर रिपोर्ट आला 'नो ग्रोथ'. एवढा पू दिसतोय आणि जंतूच नाहीत? आमच्या डेंटिस्टनी समजावलं की दाढेच्या गळवातले बरेच जंतू अ‍ॅनेरोबिक असतात, म्हणजे हवेत तग धरत नाहीत. पू सुईने ओढून, हवा लागू न देता लगेच पोचवायला हवा आणि कल्चरही ऑक्सिजनशिवायच करायला हवं. मेट्रोनिडाझोल फक्त या जंतूंवर चालतं. सोबत असलेल्या स्ट्रेप्टोकोकाय नावाच्या दुसऱ्या जंतूंवर त्याचा असर नाही.

आता क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा विचार आहे. त्याने जुलाब लागू शकतात, आणि आईला शुगर आहे, म्हणून ते लागू पडेल की नाही हे आधी कळलं तर फार बरं होईल. सूज उतरली की दाढ काढायचीच आहे.

तर इंदूरमध्ये असं कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध जंतूंवर चालेल ती तपासणी) खरोखर कोण करतं? नमुन्याची बाटली लॅबवाले देतात का? रिपोर्टला किती दिवस लागतात? औषधं कृपया सुचवू नका, ती डॉक्टर ठरवतील. कुणी स्वतः करून घेतलं असेल तर आजच कळवा, प्लीज.