होडीच्या छताची चौकट: स्टेनलेस स्टील की अॅल्युमिनियम?

प्रश्न: मालवणला पर्यटकांसाठी माझी २२ फुटी फायबरची होडी आहे. तिच्या छताची लोखंडी चौकट इतकी गंजली आहे की सांध्यापाशी बोट लावले तरी पापुद्रे सुटतात. नवी चौकट कशाची करावी?

उत्तर: स्टेनलेस स्टीलच करा, पण ३१६ प्रतीचे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्यामुळे खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडण्यापासून ते नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीलपेक्षा अधिक काळ टिकाव धरते. वेल्डिंगचा काळा डाग मात्र साफ करून घ्या, कारण गंज तिथूनच सुरू होतो.

उत्तर: वजनही पाहावे. अॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते आणि छताचे वजन उंचावर असल्याने हलकी चौकट होडीचा डोल कमी ठेवते; परंतु ताठपणाही तितकाच कमी असल्यामुळे नळी अधिक व्यासाची, शक्यतो अॅनोडाइझ केलेली (विजेच्या प्रक्रियेने वर संरक्षक थर चढवलेली) घ्यावी लागते.

उत्तर: दादा, दोन्ही धातू थेट जोडू नका. माझ्या अॅल्युमिनियमच्या नळीत स्टीलचे स्क्रू होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्याभोवती पांढरी भुकटी, म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज, साचली आणि भोके सैल झाली. मध्ये नायलॉनचे वॉशर घालाच. माझे मत विचाराल, तर छताला धरून प्रवासी चढत असतील तिथे ३१६ च बरे.