खाजगी मालकाकडून सेकंडहँड स्विफ्ट घेतोय, टोकन द्यावं का?

निगडीवाला
मंडळी जरा अर्जंट सल्ला पाहिजे. २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल बघितलीय, एमएच ०९ पासिंग, रनिंग ४१ हजार दाखवतंय. बाकीच्या तशाच गाड्या साडेचारच्या पुढे सांगतात, हा ३ लाख ९० ला द्यायला तयार आहे. ॲपवर जाहिरात 'ओनर' म्हणून आहे पण आरसी (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) त्याच्या मेहुण्याच्या नावावर आणि मेहुणा दुबईला. लोन फिटलंय म्हणतो, सरकारच्या एमपरिवहन ॲपवर मात्र अजून फायनान्सरचं नाव दिसतंय. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर मेहुण्याच्या सह्या घेऊन ठेवल्यात, नावावर काय निवांत करा, घाई नाही असं त्याचं म्हणणं. आज दहा हजार टोकन टाका नाहीतर संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. गाडी दिसायला एकदम कडक आहे, बाबांनाही आवडली. काय करू?

घाटरस्ता
टोकन अजिबात टाकू नकोस. ज्याचं नाव आरसीवर तोच मालक, बाकी मेहुणा, भाचा, मित्र सगळे आपल्यासाठी एजंटच. यातले निम्मे खरंच एजंट असतात, कुणाची तरी गाडी स्वस्तात उचलायची, स्वतःच्या नावावर न करता सह्या केलेल्या फॉर्मवर पुढे विकायची, मधला पत्ता गायब. उद्या आरटीओत सही जुळली नाही किंवा त्या दुबईवाल्याच्या मोबाईलवर ओटीपी गेला आणि त्याने फोन उचलला नाही तर तू गाडी दारात घेऊन बसशील आणि ती तुझी नसेल.

आणि 'नावावर निवांत करा' हे मला सगळ्यात जास्त खटकलं. अरे खरा मालक असतो त्यालाच घाई असते! सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, गाडी विकली तरी आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. जो मनुष्य आपलं नाव काढायची फिकीर करत नाही त्याचं तिथे नावच नाही, हे उघड आहे ना.

लोनचं म्हणशील तर फिटलं असेलही, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे फायनान्सरचं नाव, आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी (लोन फिटल्याचं ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ लावून आरटीओत उतरवावा लागतो. एनओसीवर तारीख बघ, साधारण तीन महिन्यांची मुदत असते, जुनी दाखवत असेल तर नवीन आणायला सांग. एनओसीची झेरॉक्स घेऊन त्या बँकेच्या शाखेत स्वतः जा, लोन नंबर दाखव, पाच मिनिटांत कळतं. बोजा उतरल्याशिवाय एक रुपया नाही.

पैसे देशील ते पण आरसीवरच्या माणसाच्याच खात्यात, आरटीजीएस किंवा एनईएफटी. कॅश मागितली तर सांग की दोन लाख किंवा वर रोख घेणं इन्कम टॅक्सच्या कायद्यात चालत नाही, बघ चेहरा कसा होतो.

ग्रीसचे_हात
कागदाचं वरती आलंय, मी गाडीचं सांगतो. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, २०१८ ची गाडी, म्हणजे २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर बघितलेली असू शकते. सगळ्या कोल्हापूरच्या गाड्या बुडालेल्या नसतात, आमचे पाहुणे तिकडचेच आहेत, पण बघायला काय जातंय. चारही सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढ, वॉशिंगवाला सीट चकाचक करतो पण बेल्टच्या आतल्या टोकापर्यंत कोणी जात नाही, चिखलाची रेघ तिथेच राहते. मग डिकीतली स्टेपनी उचल, खालच्या खड्ड्यात गंज नाहीतर वाळू आहे का बघ. सीटच्या खालच्या रेल्सवर बोट फिरव. एसी लावल्यावर कुबट वास आला आणि वर अत्तराची बाटली लटकवलेली असेल तर समजून जा.

रनिंग ४१ हजार म्हणतो ना, मग ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत कसं? (असेल तर.) मीटर मागे घेणं आजकाल लॅपटॉप लावून होतं, त्यामुळे मीटरवर विश्वास नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन हिस्टरी काढ, दरवेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. काचांवर सालाचा कोड असतो, एकच काच वेगळ्या सालाची निघाली तर का बदलली विचार. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा असतील तर पुढून ठोकलेली असू शकते. आणि सकाळी न सांगता लवकर जा, इंजिन थंड असताना तू स्वतः स्टार्ट कर. बॉनेट आधीच गरम असेल तर काहीतरी लपवतोय.

चासी नंबर आरसीशी जुळव, फोटोवरून नाही, गाडीवरचा.

पेठेतली_ताई
टोकनबद्दल एक. क्यूआर पाठवून 'हा स्कॅन करा, वेरिफिकेशनला एक रुपया, लगेच परत येईल' असं म्हणाला तर फोन ठेव. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की जातातच. फौजी आहे, बदली झाली, गाडी एअरपोर्टला उभी आहे वाली गोष्ट अजून चालते आणि लोक अजून फसतात. पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन.

निगडीवाला
धन्यवाद लोक्स. त्याला म्हणालो मेहुण्याशी व्हिडिओ कॉल करून द्या, आरसी आणि आधार हातात धरून. तर तो आता मीटिंगमध्ये आहे म्हणे. एनओसीचा फोटो मागितला तर बँकेतून यायचीय. काल फिटलंय म्हणत होता 😐 टोकन दिलं नाही. इन्शुरन्सचं काय बघायचं ते सांगा ना कोणीतरी.

घाटरस्ता
चालू पॉलिसीची पूर्ण पीडीएफ माग, नुसतं पहिलं पान नको. त्यात एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) किती टक्के आहे ते बघ. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के असतो. २०१८ च्या गाडीला शून्य दिसला तर बहुतेक नुकताच क्लेम झालाय नाहीतर मध्ये पॉलिसी तुटली होती, दोन्हीचं कारण विचारायचं. तो एनसीबी तुला मिळत नसतो, तो मालकाबरोबर जातो, त्यामुळे 'इन्शुरन्सचे वेगळे दहा हजार द्या' म्हणाला तर देऊ नकोस. गाडी घेतलीच तर पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घे, नाहीतर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहून घे, त्याआधीची चलनं त्याची. महाट्रॅफिकच्या ई-चलन साइटवर गाडी नंबर टाकून आजच बघून ठेव किती बाकी आहेत.

पॉलिसी मिळाली तर एनसीबीचा आकडा इथे टाक, मग पुढचं बघू.