नको म्हटलेलं असताना बाळाला गुटी दिली. मी चिडले ते चुकलं का?

नवीनच_आई
माझं बाळ नऊ आठवड्यांचं आहे. दवाखान्यातून सोडताना बालरोगतज्ज्ञांनी फाइलवर स्वच्छ लिहून दिलंय: सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, सोबत ड जीवनसत्त्वाचे थेंब. सासूबाई साताऱ्याहून आल्या त्या पिशवीत सहाण घेऊनच. जुनी, मधे खळगा पडलेली. माझ्या नवऱ्याची गुटी तिच्यावरच उगाळलेली. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, आई, गुटी नको हं. त्या "बरं" म्हणाल्या.

काल अंघोळ करून बाहेर आले तर बाळाच्या ओठांना पिवळी कड. हळकुंडाची. "एकेकच वळसा दिलाय गं. रात्रभर पाय पोटाशी घेऊन रडत होता, बघवेना." मी काहीच बोलले नाही. बाळाला घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन रडले. नवरा म्हणतो, "मलाही दिलीच होती की, मी मेलो का?"

गुटीने नक्की काय बिघडतं ते कोणी नीट सांगेल का? आणि खरं सांगायचं तर मला गुटीपेक्षा त्या "बरं"चा राग आलाय. कृपया याची सासू-सुनेची मालिका करू नका. त्या चांगल्या आहेत. त्यांच्या अळिवाच्या लाडवांवरच मी उभी आहे.

रत्नागिरीची_आजी
राग येणारच, ओल्या बाळंतिणीला सगळ्याचाच येतो. पण गुटी म्हणजे काही चहा-बिस्किट नव्हे गं. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, सुंठ, वेखंड, हळकुंड, जायफळ, मायफळ, अतिविष, डिकेमाली, काकडशिंगी, ज्येष्ठमध आणि शेवटी बदाम-खारीक. प्रत्येकाचे वळसे वेगळे, आणि ते रोज बाळाची शी बघून ठरवायचे. शी घट्ट झाली तर हिरडा वाढवायचा, जायफळ बंद. पातळ झाली तर उलटं. आईच्या दुधात उगाळायचं आणि बोंडल्याने पाजायचं. हे कुठल्या फाइलवर लिहिलेलं नसतं, हातात असतं. तीन मुलं आणि पाच नातवंडं वाढवली या हातांनी. एकालाही काही झालं नाही.

बालरोग_ओपीडी
मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान सांगते. त्यात औषधांचे आणि जीवनसत्त्वांचे थेंब चालतात, त्यामुळे "मग ड जीवनसत्त्व कसं चालतं" हा प्रश्न कोणी विचारायच्या आत उत्तर देतो: त्याची रोजची मात्रा ४०० युनिट, मोजलेली. सहाणेवरच्या एका वळशात काय किती उतरलं हे कोणालाच सांगता येत नाही. जोरात उगाळलं तर जास्त, कांडी जुनी असली तर कमी. त्यात सहाण कधी उकळली, हात धुतले होते का, खारकेला बुरशी होती का, हे वेगळंच. जुलाब होऊन येणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या घरच्यांना मी पहिला प्रश्न विचारतो तो "वरून काय देता?"

वेखंडाबद्दल स्वतंत्र सांगतो. त्यातल्या बीटा-असारोनमुळे उंदरांमध्ये गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आणि आपल्याकडच्या वेखंडात हे द्रव्य जास्त असतं.

पाय पोटाशी घेऊन रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. गुटीचं यश बहुतेक वेळा या कॅलेंडरचं यश असतं.

रत्नागिरीची_आजी
डॉक्टर, त्या उंदरांना वळसे मोजून दिले होते का?

चाळीतला_बाबा
आजी, मोदक घ्या. आमच्या पिढीत सगळ्यांना गुटी, सगळ्यांना काजळ, सगळ्यांना धुरी. सगळे धडधाकट. आता बाळ शिंकलं तरी फोनवर शोधाशोध. ग्राइप वॉटर मात्र चालायचं, १८५१ पासून इंग्रजांनी बाटलीत भरून विकलं म्हणून! त्यात तर चक्क दारू असायची.

बालरोग_ओपीडी
हो, असायची, आणि म्हणूनच ती काढली. मी ग्राइप वॉटरही लिहून देत नाही. आणि ज्यांना सोसलं नाही ती मुलं मोठी होऊन "मी मेलो का" म्हणायला इथे येत नाहीत. हा हिशेब नेहमी उरलेल्यांचाच असतो.

नाशिकहून_वैद्य
दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो.

डॉक्टर, गुटीतली द्रव्यं औषधीच आहेत, उगाच नाहीत. सुंठ-मुरुडशेंगेचा वाताशी काय संबंध आहे ते आम्ही शिकलोय. पण आजी, औषध आहे म्हणूनच तो रोजचा खुराक होऊ शकत नाही. काश्यपसंहितेत, म्हणजे बालरोगांवरच्या आपल्या जुन्या आयुर्वेद ग्रंथात, लेहाध्याय आहे. कोणत्या बाळाला चाटण द्यावं हे त्यात आहे, आणि कोणाला देऊ नये हेही आहे. ही दुसरी यादी आपल्याकडे कोणी वाचत नाही. अंगावर पिणारं, वजन वाढणारं, दिवसात सहा-सात लंगोट ओले करणारं बाळ असेल तर त्याला औषध कशासाठी? शिवाय बाजारातल्या पुडीत काय असतं देव जाणे. अतिविष महाग आहे, त्यामुळे पुडीत त्या नावाने दुसरीच मुळी घातलेली मी पाहिली आहे. आणि कोणी मध घालून चाटवत असेल तर वर्षाच्या आत मध मुळीच नको. यावर डॉक्टरांचं आणि माझं एकमत आहे.

लंगोट_वाळत_घालणारी
माझ्या लेकीला अडीच महिन्यांची असताना चार दिवस सलाइन लागलं होतं. जुलाब. गुटीनेच झाले असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण सहाण सिंकशेजारी, भांडी घासायच्या घासणीबरोबर ठेवलेली असायची. एवढ्याशा हाताला सुई टोचायला शीर सापडत नव्हती, शेवटी डोक्याला लावली. घरात त्यावर आजवर कोणी एक शब्द बोललं नाही, मीही नाही. नवीनच_आई, तुझा राग अजिबात चुकीचा नाही.

चाळीतला_बाबा
ताई, वाईट वाटलं वाचून. पण मग चूक सहाणेची का सिंकची?

लंगोट_वाळत_घालणारी
दादा, त्या चार रात्री तुम्ही तिथे उशाशी असता तर हा प्रश्न सुचला नसता.

चहा_गरमच_हवा
इथे सगळे वेखंडावर भांडताहेत, मी जरा वेगळं लिहिते. गुटीच्या विरोधातच आहे, आधीच सांगते.

माझ्या सासूबाई सकाळी बाळाला मांडीवर घेऊन गुटी उगाळत बसायच्या. पंधरा-वीस मिनिटं. दिवसातली तेवढीच वेळ माझे दोन्ही हात मोकळे असायचे आणि चहा वाफाळता मिळायचा. डॉक्टरांचं ऐकून गुटी बंद केली, आणि त्यांनी बाळ घ्यायचंच बंद केलं. "तुमचं तुम्ही बघा." मी जिंकले आणि चहा थंड झाला.

मग रजा संपली. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे मिळतात, पण त्यातले ८ पर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. रक्तदाब वाढल्यामुळे मी ७ आधीच वापरले होते. उरले १९. साडेचार महिन्यांचंही न झालेलं बाळ सोडून कामावर. फाइलवर सहा महिने, कायद्याच्या कागदावर १९ आठवडे, मधली तफावत कोण भरणार? ऑफिसच्या स्टोअररूममध्ये प्रिंटरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसून, दाराला पाठ लावून पंपाने दूध काढायचे मी. घरी ते पाजायचं कोणी? सासूबाईंनीच. तेव्हा मला त्यांना धरून बसवून शिकवावं लागलं, की काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमधलं गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्यात बाटली धरायची. त्यांनी ते इतकं चोख केलं की बाटल्यांवर कुंकवाच्या बोटाने वेळेच्या खुणा असायच्या. एक ठिपका सकाळची, दोन दुपारची.

नवीनच_आई, ज्या बाईच्या हातात उद्या बाळ ठेवून जायचं आहे तिला आज हरवून उपयोग नाही. गुटी बंद कर. पण त्या जागी त्यांच्या हाताला दुसरं काहीतरी दे.

बालरोग_ओपीडी
हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. मी नुसतं "वरचं काही देऊ नका" म्हणतो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो.

पुण्याची_सून
सगळं छान, पण सुनेनेच किती समजून घ्यायचं? नको म्हटलेलं असताना पाठीमागून द्यायचं, ही फसवणूक आहे. आणि नवरा? धाग्यात त्याचं एकच वाक्य आहे, तेही "मी मेलो का". आईशी त्याने बोलायचं. सासूबाईंच्या हाताला काम शोधायची जबाबदारीही आता बाळंतिणीवरच का?

चहा_गरमच_हवा
बरोबर आहे तुझं. पण माझ्या घरी नवऱ्याची वाट बघितली असती तर बाळ दहावीला गेलं असतं.

रत्नागिरीची_आजी
पाठीमागून दिली ते चूक. ते मी कबूल करते. माझ्या पहिल्या बाळाला माझ्या सासूने गुटी दिली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, विचारायचं नसतंच. मी काही गुटी वाईट म्हणणार नाही, ते माझ्याकडून व्हायचं नाही. पण विचारायला हवं होतं.

नवीनच_आई
आठवड्याने लिहितेय. काल दहा आठवड्यांची लस होती, मुद्दाम आईंना सोबत नेलं. नवऱ्यालाही (पुण्याची_सून, तुझी कमेंट त्याला वाचायला दिली होती). डॉक्टरांनी गुटी बंद म्हटल्यावर आईंनी सरळ विचारलं, "मग रात्री रडतो त्याचं मी काय करू?" डॉक्टर क्षणभर थांबले, मग उठून त्यांनी बाळाला पालथं हातावर घेऊन दाखवलं, पोटाखाली तळवा, डोकं कोपराशी. पाय सायकलसारखे कसे हलवायचे तेही. घरी येईपर्यंत आईंनी रिक्षात दोनदा माझ्या पर्सवर सराव केला.

काल रात्री अडीच वाजता जाग आली तेव्हा त्या हॉलमध्ये बाळाला हातावर पालथं घेऊन फेऱ्या मारत होत्या. बाळ रडत होतंच, पण मी परत झोपले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"बरं"बद्दल आमचं बोलणं झालेलं नाही. होईल तेव्हा होईल. सहाण मात्र पिशवीत परत गेलेली नाही, ओट्यावरच आहे. आज विचारलं तर म्हणाल्या, "असू दे." मग बघितलं, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहा महिने पूर्ण होतात त्या तारखेभोवती त्यांनी पेनाने गोल केलाय.

रत्नागिरीची_आजी
खारकेपासून सुरुवात कर म्हणावं त्यांना. वेखंड राहू दे.