मदत हवी आहे : धपाट्याच्या चवीचे ज्वारी-लसूण चिप्स एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत कसे करावेत?

नमस्कार.

ज्वारीच्या पिठाचे, लसणाची ठसठशीत चव असलेले आणि तळणाशिवाय होणारे चिप्स मला घरी करायचे आहेत, आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मी लातूरची. आमच्याकडे गावाला निघालेल्या माणसासोबत धपाटे बांधून देण्याची रीत आहे. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, थोडी कणीक, वाटलेला लसूण, जिरे, ओवा, तीळ, हळद आणि तिखट घालून ते ओल्या फडक्यावर थापले जातात. माझा मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी असतो. धपाटे दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून तीच चव त्याला डब्यात बरेच दिवस राहील अशा रूपात पाठवता यावी, एवढीच इच्छा आहे.

सध्याची कृती सविस्तर सांगते, म्हणजे अडचण नेमकी कोठे आहे ते आपल्याला ओळखता येईल. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, पाव वाटी बेसन, आठ-दहा मोठ्या पाकळ्यांची लसूण-जिऱ्याची भरड, दोन चमचे आंबट दही, मीठ, तिखट, ओवा, तीळ आणि एक चमचा करडईचे तेल एकत्र करून मी कोमट पाण्याने पीठ मळते. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे काप करते आणि एअर फ्रायरमध्ये १८० अंश सेल्सिअसला आठ-नऊ मिनिटे ठेवते.

यात दोन गोष्टी जमत नाहीत आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. चिप्सच्या पृष्ठभागावर आलेले लसणाचे कण पहिल्या पाच मिनिटांतच काळपट होतात आणि संपूर्ण घाण्याला कडवटपणा येतो. तापमान कमी करून पाहिले, तर लसूण वाचतो, पण चिप्स कुरकुरीत होण्याऐवजी कडक होतात, दाताखाली तुटतात पण विरघळत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मधोमध चिवट लागतात. लसूण बाजूला काढून केलेले चिप्स रंगाने छान होतात. मात्र कडकपणा त्यातही राहतोच, त्यामुळे दोष केवळ लसणाचा नसावा असे वाटते.

आमच्या भागात उन्हाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब बराच उतरतो, पंखेही मंद फिरतात. त्याचा भाजणीवर परिणाम होत असेल का, हेही जाणून घ्यायचे आहे. बाजारातल्या तयार लसूण पावडरचा सल्ला काहींनी दिला, परंतु तिचा वास मला धपाट्याच्या लसणासारखा वाटत नाही. शक्य असेल तर घरच्या गावरान लसणानेच हे करायचे आहे.

प्रतिसाद (परभणी)

ताई, आपण कृती इतकी नीट लिहिली आहे की उत्तर देणे सोपे झाले. आधी कडकपणाचे बघू, कारण खरी मेख तिथे आहे. कणकेला चिवटपणा देणारे ग्लूटेन हे प्रथिन ज्वारीत नसते, त्यामुळे कोमट पाण्यात मळलेले पीठ नुसते दाबून एकत्र राहते आणि भाजल्यावर विटकरीसारखे घट्ट होते. भाकरीसाठी आपण उकळते पाणी घालतो ते याचसाठी. साधारण ७० अंशांच्या पुढे ज्वारीचा स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि चिकटपणा देतो. तेव्हा रीतसर उकड काढा. दीड वाटी पाण्याला उकळी आली की त्यात मीठ आणि तीन चमचे तेल घालावे, पीठ टाकून गॅस बंद करावा, दहा मिनिटे झाकण ठेवावे आणि परातीत हात ओला करून चांगले तिंबावे. पीठ लागेल तसे पाणी कमी-जास्त करावे. आपले एक चमचा तेल या प्रमाणाला फारच कमी आहे. खुसखुशीतपणा येतो तो मोहनातून, आणि तळण टाळायचे असेल तर एवढे तेल तरी पिठात हवेच. पीठ ताजे दळलेले असावे. विरी गेलेल्या, म्हणजे जुने होऊन चिकटपणा गेलेल्या, पिठाच्या पोळीला कडेने चिरा पडतात आणि ती पातळ लाटताच येत नाही.

पोळी दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि सर्वत्र सारखी हवी. काट्याने भरपूर टोचे मारावेत, नाहीतर चिप्स फुगून वरचा पापुद्रा करपतो. चिवटपणाचे कारण असे की १८० अंशांना बाहेरची बाजू आधी वाळून बंद होते आणि आत राहिलेला ओलावा डब्यात गेल्यावर हळूहळू बाहेर पसरतो. म्हणून दोन टप्पे करा : १६० अंशांना पाच-सहा मिनिटे, मग चिप्स उलटून १२० अंशांना आठ-दहा मिनिटे. दुसरा टप्पा भाजण्याचा नसून वाळवण्याचा आहे. एका वेळी एकच थर ठेवावा आणि वर स्टीलची जाळी उपडी घालावी. पंख्याच्या झोताने हलके चिप्स उडून वरच्या कॉइलला लागतात, आणि आपल्याकडे काही चिप्स अर्धवट काळे होत असतील तर तेही एक कारण असू शकेल.

आता लसूण. लसणात जवळपास ६० टक्के पाणी असते, आणि उरलेल्या भागात फ्रुक्टन्स या शर्करांचे प्रमाण मोठे असते. भरडलेला कण सुकला की लगेच तपकिरी होतो आणि पुढच्या मिनिटभरात कडू. तव्यावरच्या धपाट्याला तेल आणि पिठाचा ओलावा सांभाळून घेतो. गरम हवेच्या झोतात ती सोय नाही. शिवाय दह्यातील दुधाची साखर आणि प्रथिने रंग आणखी लवकर आणतात, त्यामुळे आंबटपणासाठी दह्याऐवजी आमचूर वापरावे.

माझा आग्रह असा की लसूण दोन वेळा, दोन प्रकारे घालावा. पहिल्या वेळी ठेचलेल्या पाकळ्या उकडीच्या पाण्यातच पाच मिनिटे उकळून पाणी गाळून घ्यावे. त्याने पिठात शिजलेल्या लसणाची गोडसर चव उतरते आणि करपायला कण उरत नाहीत. मात्र लसणाचा झणका ठेचल्यावर तयार होणाऱ्या ॲलिसिनमुळे असतो आणि उकळल्याने तो जातो, म्हणून दुसऱ्या वेळी कोरडी लसूण पूड गरम चिप्सवर शेवटी भुरभुरावी. ही पूड घरची करता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा लसूण निघतो, तो महिनाभर सावलीत वाळू द्यावा, एप्रिलमध्ये त्याचे पातळ काप पांढऱ्या फडक्याखाली कुरडयांच्या शेजारीच उन्हात घालावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की तीन-चार दिवसांत ते कटकन मोडतात. मग जिरे आणि मिठासह दळावेत.

एक सूचना गंभीरपणे घ्यावी. लसूण तेलात बुडवून ते तेल बाहेर ठेवून वापरण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तसे करू नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसणात आम्ल फारसे नसते, अशा स्थितीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा विषारी जिवाणू वाढू शकतो. लसूण-तेल हवेच असेल तर त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवावे.

प्रतिसाद (नांदेड)

विजेबद्दल आपला अंदाज बरोबर आहे, ताई. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टवर १,४०० वॅट देणारा फ्रायर १८० व्होल्टवर जेमतेम ८५० वॅट देतो, आणि त्याचा पंखाही मंदावतो. रिकामे भांडे उशिरा का होईना ठरलेल्या तापमानाला पोहोचते, पण ओले चिप्स भरल्यावर ते खाली येते आणि लवकर वर चढत नाही. मग चिप्स भाजण्याऐवजी वाफवत राहतात. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो आत ठेवून पाहावे, आधी पाच मिनिटे फ्रायर तापवावा आणि हे काम सकाळी करावे. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर या भाराला पुरत नाही, त्यावर फ्रायर लावू नये.

लातूरहून पुन्हा

आपण दोघांनीही वेळ काढून इतके नेमके सांगितलेत, मनापासून आभार. उकडीचा आणि दोन टप्प्यांचा मुद्दा लगेच पटला, कारण माझे चिप्स कडेला भाजलेले आणि मधे ओलसर असायचे. सकाळी वीज चांगली असताना लसणाच्या पाण्यातली उकड काढून करते. लसूण वाळवण्याचे ऊन आता संपले आहे, तेव्हा या वर्षापुरते एक विचारायचे राहते : ताज्या गावरान पाकळ्यांचे काप फ्रायरमध्येच कमी तापमानाला वाळवून पूड केली, तर किती अंश आणि किती वेळ ठेवावे? माझ्या फ्रायरमध्ये ८० अंशांच्या खाली तापमान लावता येत नाही, आणि पावसाळ्याच्या हवेत पूड सादळू नये म्हणून ती दळल्यावर पुन्हा वाळवावी लागेल का, हेही कृपया सांगावे.