पिकअपचा मागचा दिवा बंद, रिकॉल निघालाय पण चार महिने दुरुस्ती होत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत रिकॉलच्या (म्हणजे दोष निघालेल्या गाड्या कंपनीने परत बोलावून फुकट दुरुस्त करून द्यायच्या) कामासाठी डीलरकडे खेटे घातलेल्या कुणीही कृपया वाचा. टेक्ससमधलं कुणी असेल तर फारच उत्तम.

मी ह्यूस्टनजवळच्या कॅटीत राहतो, नोकरी शहराच्या पलीकडे बेटाउनच्या एका प्लांटमध्ये. सहाची पाळी असते, त्यामुळे पावणेपाचला अंधारातच आय-10 हायवेवर असतो. गेल्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या दुकानातून 2021 चा पिकअप घेतला. ऑक्टोबरात एका पहाटे पोलिसाने थांबवलं. डावीकडचा मागचा दिवा पूर्ण बंद! टेललाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, काहीच नाही. केबिनच्या वरचा तिसरा ब्रेक लाइट तेवढा चालू. दंड न करता समज देऊन सोडलं. इथल्या कायद्याने मागचे दिवे 1000 फुटांवरून दिसायला हवेत, हेही त्यानेच सांगितलं. आरशातली ब्लाइंड स्पॉटची खूण (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा इशारा देणारी) आधीचा आठवडाभर येत-जात होती, पण तिचा दिव्याशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

घरी येऊन दिवा उघडला. आतून वाफ धरलेली, तळाशी चमचाभर पाणी, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. हा साधा बल्ब नाही. एलईडीचं सीलबंद युनिट आहे आणि ब्लाइंड स्पॉटचं रडारही त्यातच बसवलंय. त्यामुळे बदलायचं तर अख्खं युनिट. पार्ट्सच्या काउंटरवर 1,150 डॉलर सांगितले, मजुरी वेगळी.

मग एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या केंद्र सरकारची रस्ते-वाहन सुरक्षा संस्था) साइटवर गाडीचा व्हिन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला, तर रिकॉल आधीच निघालेला. कारण तेच, सीलमधून पाणी शिरतं. रिकॉल कळवणारं कंपनीचं पत्र बहुधा आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलं. विकणाऱ्याने चकार शब्द काढला नाही, आणि केंद्रीय कायद्यात त्याच्यावर तशी सक्तीही नाही म्हणे. रिकॉलचं काम केल्याशिवाय गाडी द्यायची नाही हे बंधन भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना आहे, जुन्या गाड्या विकणाऱ्यांना नाही! त्यात टेक्ससने 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. पूर्वी वर्षातून एकदा तरी कुणीतरी दिवे बघायचं.

14 ऑक्टोबरपासून कंपनीच्या डीलरकडे तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा पार्ट नव्हता. दुसऱ्यांदा गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी म्हणाले, उजवीकडचं युनिट आलंय. तिसऱ्यांदा अपॉइंटमेंटच रद्द. कंपनीच्या कस्टमर केअरने केस नंबर दिलाय, ‘पार्ट आला की कळवू’ एवढंच उत्तर. आता फेब्रुवारी चाललाय आणि उजव्या दिव्यातही वाफ दिसायला लागलीय.

डिसेंबरात सॅन जसिंटो नदीच्या पुलाजवळ दाट धुकं होतं. मागून एक अठराचाकी इतका जवळ आला की त्याच्या हॉर्नने माझे हात थरथरले. चूक त्याची नव्हती, त्याला मी दिसलोच नसेन. मी सांगली जिल्ह्यातला. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या दिव्यांशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय रस्त्याने चालतात. माझा मामेभाऊ अशाच एका ट्रॉलीवर मागून मोटारसायकल घेऊन आदळला आणि गेला. बावीस वर्षांचा होता. त्यामुळे ‘एक दिवा तर आहे ना’ असं कुणी म्हटलं की माझ्याच्याने ऐकवत नाही.

मला विचारायचंय ते असं. स्वतःच्या पैशाने युनिट बसवलं तर ते पैसे परत मिळतात का? डीलर नुसता थांबवतच राहिला तर दाद कुठे मागायची? आणि तोवर पहाटे गाडी चालवायची कशी? बायकोची गाडी रोज घेता येत नाही, तिचीही नोकरी आहे.

प्रतिसाद 1

दादा, आधी लेखी पुरावा जमवा. प्रत्येक खेपेची रिपेअर ऑर्डर (डीलरने दुरुस्तीची नोंद केलेला कागद) मागून घ्या, तारखेसकट, ‘पार्ट उपलब्ध नाही’ असं लिहिलेली. कायद्यात 60 दिवसांचा आकडा आहे. गाडी दुरुस्तीसाठी हजर केल्यापासून 60 दिवसांत काम नीट झालं नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही असं सकृद्दर्शनी धरलं जातं. मग गाडी बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा प्रश्न येतो. मुदतवाढीचीही तरतूद आहे, त्यामुळे लगेच पैसे हातात पडतील असं समजू नका, पण कंपनीशी बोलताना हा मुद्दा जरूर काढा. एनएचटीएसएकडे तक्रारही नोंदवा. ते तुमचं वैयक्तिक भांडण सोडवत नाहीत, पण तक्रारी साठल्या की कंपनीला जाब विचारतात.

पैशांबाबत सावध राहा. परतफेड प्रामुख्याने रिकॉलची पत्रं जाण्याआधी केलेल्या दुरुस्तीची होते. तुमच्या बाबतीत पत्रं गेलेली दिसतात. म्हणून आधी केस नंबर टाकून ईमेलने विचारा, लेखी होकार आल्याशिवाय 1,150 डॉलर घालू नका. आणि गाडीचे नवे मालक तुम्ही आहात हे कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्या, म्हणजे पुढची पत्रं तुम्हाला येतील.

प्रतिसाद 2

भंगारवाल्याकडचं जुनं युनिट घेऊ नका. सील त्याच जातीचं, शिवाय रडार गाडीशी जुळवून घ्यावं लागतं. तोवर चुंबकाचे टोइंग लाइट (मागे ओढून न्यायच्या गाडीवर तात्पुरते लावायचे दिवे) मिळतात ते घ्या. टेलगेटवर चिकटवायचे आणि ट्रेलरच्या सॉकेटला जोडायचे. आधी टेस्टरने सॉकेटमध्ये डाव्या बाजूला करंट येतोय का बघा. बंपरवर लाल-पांढरी रिफ्लेक्टिव्ह पट्टीही लावा, ट्रकच्या ट्रेलरला असते तीच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच सॉकेट तपासलं. टेललाइट, ब्रेक, डावा इंडिकेटर, सगळीकडे करंट येतोय. टोइंग लाइट आज संध्याकाळी आणतो. डीलरकडे तिन्ही खेपांच्या रिपेअर ऑर्डर मागितल्या, तर पहिल्या खेपेची काढलेलीच नाही म्हणतात. 14 ऑक्टोबरचा अपॉइंटमेंटचा मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. 60 दिवस मोजायला तो चालेल का?